गाणं आपलं, किल्ली दुकानदाराची

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती महिन्यावर आले की किनाऱ्यावरच्या घरांत जुना लॅपटॉप, जुना मोबाइल निकालात काढायची घाई होते. आरत्या, भजनं, नाट्यगीतं, पंधरा-वीस वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेले अल्बम पेनड्राइव्हवर उतरवले जातात आणि जुनं यंत्र फॉरमॅट होऊन भाच्याकडे किंवा थेट भंगारात जातं. मग ऐन आरतीला कळतं की निम्मी गाणी वाजतच नाहीत. फाइल जागेवर असते, नाव बरोबर, आकार चार-पाच एमबी, पण आवाज नाही. खापर पेनड्राइव्हवर, व्हायरसवर, नाहीतर आपल्या दमट हवेवर फुटतं. पुष्कळदा खरं कारण एवढंच असतं की त्या फाइलला कुलूप होतं आणि त्याची किल्ली फॉरमॅट केलेल्या लॅपटॉपबरोबर गेली. जुनं यंत्र हातात आहे तोवर काय तपासावं आणि काय वाचवता येतं, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

कुलपाची रचना साधी आहे. गाणं सांकेतिक रूपात साठवलेलं असतं. ते उलगडणारी किल्ली, म्हणजे परवाना, वेगळ्या फाइलीत असते आणि ती एकतर संगणकाच्या सुट्या भागांच्या ओळखीशी बांधलेली असते किंवा गिऱ्हाइकाच्या खात्याशी. नव्या यंत्रावर गाणं लावलं की वाजवणारा प्रोग्रॅम दुकानाच्या सर्व्हरला विचारतो, ‘याला किल्ली द्यायची का?’ दुकान चालू असलं तर ‘हो’ येतं. दुकान बंद झालं की प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. हापूसची बाग हंगामापुरती कराराने घेणाऱ्याला पावसाळा लागला की झाडं मालकाची, हे पक्कं ठाऊक असतं आणि तसंच कागदावर असतं. गाण्यांच्या दुकानात कागदावर ‘खरेदी’ होतं आणि व्यवहार हंगामी कराराचा होता, तोही हंगाम केव्हा संपणार हे न सांगता.

हे आधी घडून गेलेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकने २००८च्या एप्रिलमध्ये गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या यंत्रासाठी किल्ली मिळणार नाही. ओरड झाली तेव्हा ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. याहूने त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्ल्यांचे सर्व्हर बंद करायचं ठरवलं आणि नंतर भरपाई देऊ केली. आता आपल्याकडचं उदाहरण बघा. फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान २०१२मध्ये उघडलं आणि जून २०१३मध्ये बंद झालं. पण तिथली गाणी बिनकुलपाच्या एमपी३मध्ये होती. बंद होताना गिऱ्हाइकांना गाणी उतरवून घ्यायला ऑगस्टपर्यंत मुदत होती, आणि ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांची आजही वाजतात. दुकानं सगळीच बंद पडतात. मागे काय उरतं, ते कुलपावर ठरतं.

आता ओळखायचं कसं, ते. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं, ते आधी उघडं करा. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण. विंडोज १०मध्ये ही खूण ‘व्ह्यू’ पट्टीवरच आहे. शेपूट ‘एमपी३’ असेल तर चिंता नाही. ‘एम४ए’ सहसा मोकळं असतं. ‘एम४पी’ म्हणजे ॲपलचं कुलूप, त्यातला ‘पी’ ‘प्रोटेक्टेड’चा. ‘डीसीएफ’ किंवा ‘डीएम’ ही जुन्या बटणांच्या मोबाइलवर, कंपनीच्या पोर्टलवरून उतरवलेल्या गाण्यांची खूण. फसवं प्रकरण ‘डब्ल्यूएमए’चं: कुलूपवाली आणि मोकळी, दोन्ही फाइलींचं शेपूट हेच. तिथे फाइलवर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’, आणि ‘प्रोटेक्टेड’च्या पुढे ‘येस’ आहे की ‘नो’ ते बघायचं.

या ‘येस’मध्ये एक गंमत आहे, आणि ती म्हणायलाच गंमत, खरं तर शिक्षा आहे. ज्यांनी आयुष्यात कधी ऑनलाइन गाणं विकत घेतलं नाही, त्यांच्याही फाइली कुलूपबंद निघतात. विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या सीड्या विंडोज मीडिया प्लेयरमधून संगणकावर उतरवताना सेटिंगमध्ये ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’ अशी एक खूण असे. ती राहून गेली असेल तर स्वतःच्याच सीडीला आपण कुलूप घातलं आणि किल्ली त्या संगणकापुरती बनली. विंडोज पुन्हा टाकलं की किल्ली गेली. किल्ल्या ठेवलेलं, लपवलेलं ‘डीआरएम’ (या कुलपाचं इंग्रजी नाव) फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नुसतं उचलून नेऊन उपयोग नाही, कारण किल्ली जुन्या यंत्राच्या ओळखीला बांधलेली आहे. मदरबोर्ड बदलला तरी हाच निकाल. अशा फाइलींवर डोकं फोडण्यापेक्षा मूळ सीडी शोधा आणि ती नव्याने उतरवा. या वेळी ती खूण काढून आणि ‘एफएलएसी’ स्वरूपात. सीडीच्या आवाजाला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. एफएलएसीमध्ये तोच आवाज, काहीही न गाळता, जवळपास निम्म्या जागेत बसतो. परदेशातल्या नातेवाइकांनी २००५च्या सुमारास आणलेल्या सीड्या घालताना मात्र संगणकाचं ऑटोरन, म्हणजे सीडी घातली की तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं, बंद ठेवा. सोनी बीएमजीच्या काही सीड्या त्या वर्षी संगणकात गुपचूप कुलपाचा प्रोग्रॅम बसवताना सापडल्या होत्या.

एम४पीचं प्रकरण दोन पिढ्यांचं आहे. ॲपलचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान भारतात डिसेंबर २०१२मध्ये उघडलं, आणि विकायच्या गाण्यांवरचं कुलूप त्यांनी २००९मध्येच काढलेलं होतं. त्यामुळे भारतातल्या खात्यावर सुटं विकत घेतलेलं गाणं २५६ केबीपीएसचं (सेकंदाला २५६ किलोबिट), मोकळं एम४ए असतं. मग इथल्या लॅपटॉपवर एम४पी कुठून येतं? एकतर अमेरिकेतल्या-इंग्लंडमधल्या मुलाने २००३ ते २००९ दरम्यान घेतलेल्या गाण्यांतून, किंवा हल्लीच्या ॲपल म्युझिकच्या मासिक वर्गणीतून. वर्गणीवर उतरवलेली गाणी फोल्डरमध्ये दिसतात, पेनड्राइव्हवर कॉपीही होतात, पण गाडीच्या स्टिरिओत मुकी राहतात. ती आपली कधी नव्हतीच. वर्गणी थांबली की गेली.

पहिल्या पिढीची, म्हणजे खरोखर विकत घेतलेली, एम४पी वाचवता येतात, आणि तेही दुकानानेच ठेवलेल्या वाटेने. ज्या खात्यावर ती घेतली त्याचा ईमेल-पासवर्ड आधी शोधा. निम्मी प्रकरणं इथेच अडतात, कारण तो ईमेल बंद पडलेला असतो. ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्रॅममध्ये ‘अकाउंट’, ‘ऑथरायझेशन्स’, ‘ऑथराइज धिस कम्प्यूटर’. एका खात्याला ५ संगणकांचीच मुभा आहे. भंगारात गेलेले लॅपटॉपही त्या पाचांत मोजलेले असतात. जागा भरली असेल तर खात्याच्या पानावर ‘डीऑथराइज ऑल’ आहे, तो वर्षातून एकदाच वापरता येतो. गाणी वाजू लागली की त्यांची यादी करून कोऱ्या सीडी-आरवर ‘ऑडिओ सीडी’ लिहा. ‘एमपी३ सीडी’ निवडलीत तर कुलूपवाली गाणी लिहिली जाणार नाहीत. एका सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे दहा-दहा मिनिटांची भजनं असतील तर आठच. वेग कमी ठेवा आणि ‘सीडी टेक्स्ट’वर खूण करा, नाहीतर परत उतरवताना गाण्यांच्या जागी ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ येतं आणि अख्खी दुपार नावं घालण्यात जाते. कुलूपवाल्या गाण्यांची एकच यादी ७ वेळांपेक्षा जास्त लिहिता येत नाही, तेव्हा चाचणी म्हणून सीड्या वाया घालवू नका. लिहिलेली सीडी मग एफएलएसीमध्ये परत उतरवायची. थेट एमपी३ केलंत तर आधीच १२८ केबीपीएसला दाबलेला आवाज दुसऱ्यांदा दाबला जातो, आणि झांजांत आणि टाळांत तो फरक लगेच ऐकू येतो.

दुकानातून घेतलेल्या कुलूपवाल्या डब्ल्यूएमएवर सीडी लिहायचा हक्क परवान्यात असेल तर हीच वाट चालते. नसेल, किंवा गाणं जुन्या नोकियात अडकलेलं असेल, तर शेवटचा मार्ग तारेचा: जुन्या यंत्राने वाजवायचं, नव्या यंत्राने ऐकून मुद्रित करायचं. त्यासाठी जुनं यंत्र जिवंत हवं आणि त्यावर गाणं वाजायला हवं. नोकियाची बॅटरी फुगली असेल तर बीएल-५सी अजून बाजारात मिळते. ३.५ मिमीची दोन्हीकडे नर पिन असलेली स्टिरिओ केबल घ्या. जुन्या यंत्राच्या हेडफोन छिद्रातून ती नव्या संगणकाच्या निळ्या ‘लाइन-इन’मध्ये लावा. लॅपटॉपला बहुधा गुलाबी माइकचंच छिद्र असतं. ते एका कानाचं आणि अतिसंवेदनशील असतं, त्यात लावलं की आवाज फाटतो. तिथे लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लावावं. ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा फुकट प्रोग्रॅम, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. सगळ्यात मोठ्या आवाजालाही काटा उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. घुमल्यासारखी बारीक गुणगुण आली तर ती ५० हर्ट्झची, चार्जरच्या अर्थिंगमधून येणारी. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की बहुतेक वेळा जाते. मोबाइल ‘सायलेंट’वर आणि सिमकार्ड बाहेर, नाहीतर अभंगाच्या मध्येच मेसेजची टिंग कायमची बसते. एक तासाच्या गाण्यांना एक तासच लागतो, त्याला इलाज नाही. म्हणून सगळं वाचवायचा हट्ट धरू नये. जे यूट्यूबवर किंवा नव्या सीडीत सहज मिळतं ते सोडा; जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी घ्या.

हे कायद्यात बसतं का, असं विचारलं जाईल. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी ते केलं तर हे कलम आड येत नाही, असं त्याच्याच पोटकलमात आहे. आणि कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरापुरत्या रास्त वापराला जागा देतं. वर सांगितलेल्या वाटांत तर कुलूप फोडायचंही नाही. तीच फाइल वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली की मात्र गोष्ट निराळी. आमच्या व्यवसायबंधूंसाठी एक सूचना: दुसऱ्याला असं कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी, असं ६५-अ सांगतं. दुकानात त्यासाठी वेगळी वही ठेवा.

मोबाइल ॲपमधल्या ‘डाउनलोड’ या शब्दाने तर सगळ्यांनाच गंडवलंय. ते गाणं फोनमध्ये येतं खरं, पण सांकेतिक रूपात आणि त्या ॲपपुरतं. स्पॉटिफायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं, यूट्यूब म्युझिकलाही तसंच. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात ते वाजेल. पण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे गेले, तेव्हा अशी ३० दिवसांची अट म्हणजे काय, ते कळतं. ॲपच बंद पडलं तर तेवढेही दिवस नाहीत: रेसो ३१ जानेवारी २०२४ला भारतातून गेलं, एअरटेलचं विंक त्याच वर्षी. त्यांतली उतरवलेली गाणीही गेली. वर्गणी भरून ऐकणं वाईट नाही. ते भाडं आहे, एवढं समजून भरावं.

गूगल प्ले म्युझिकवरून गाणी विकत घेतलेल्यांनी आजच एक काम करावं. ते दुकान २०२०च्या अखेरीस बंद झालं. ज्यांनी २४ फेब्रुवारी २०२१च्या आत सामान यूट्यूब म्युझिककडे हलवलं, त्यांची गाणी तिथे ‘अपलोड्स’मध्ये आहेत. गूगल टेकआउटच्या (गूगलकडचं आपलं सामान उतरवून घ्यायच्या सोयीच्या) पानावर ‘डीसिलेक्ट ऑल’ करून फक्त ‘यूट्यूब अँड यूट्यूब म्युझिक’ निवडा, त्यात ‘म्युझिक अपलोड्स’ ठेवा, बाकीच्या खुणा काढा. दुवा ईमेलवर येतो, तो थोडेच दिवस चालतो. आला की उतरवून घ्या.

सुटलेली गाणी टिकवणं ही कोकणात वेगळीच लढाई. पाच-पाच मिनिटांची हजार गाणी २५६ केबीपीएसला साडेनऊ-दहा जीबी होतात, १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. पण पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचं साधन आहे, वर्षानुवर्षं वीज न लागता कपाटात पडलं तर त्यातलं पुसट होत जातं. खाऱ्या हवेने त्याच्या टोकाला हिरवट थरही चढतो. मुख्य प्रत हार्डडिस्कवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी, किंवा नारिंगीचे हिरवे झाले की मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डिस्क एकेकदा जोडून चार-दोन गाणी वाजवून बघा. दुसरी प्रत मुंबईच्या चाकरमान्याकडे द्या. जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या पुरात एकाच घरातल्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात भिजल्या असत्या. गाडीसाठी करायचा पेनड्राइव्ह एफएटी३२ स्वरूपात आणि एमपी३चाच करा, एनटीएफएस पुष्कळ स्टिरिओंना वाचता येत नाही.

इथल्या डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), नमन, दशावताराच्या ध्वनिमुद्रणांना बहुधा कुलूप नाही, ही त्यातल्या त्यात बरी बाब. मंडळांनी आणि बुवांनी पुढेही घालू नये. रात्रीची बारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवरून फिरतच असते. कुलपाने तो फिरवणारा अडत नाही, अडतो तो पैसे देऊन घेणारा. बाजारात भरून मिळणारं चोरीच्या गाण्यांचं मेमरी कार्ड कुठल्याही फोनमध्ये वाजतं आणि पावतीवालं गाणं वाजत नाही, हा उफराटा न्याय गाणं विकणाऱ्यांनीच केलेला आहे.

आमची मागणी मोठी नाही. कुलूपवाला माल विकताना बटणावर ‘खरेदी’ लिहू नये, ‘परवाना’ लिहावं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून तसा कायदा आहे: परवानाच देतोय हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ म्हणता येत नाही, आणि कायमची उतरवून घेता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. आणि दुकान बंद करणाऱ्याने बंद होण्याआधी मोकळी फाइल द्यावी, नाहीतर पैसे परत करावेत. कॉपीराइटचा कारभार केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे आहे, तेव्हा हे आपल्या खासदारांनी विचारायचं आहे.

तोवर ज्यांचं ताजं नुकसान झालं आहे त्यांनी आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवावी. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, विकणारी कंपनी बंगळूरची असो की परदेशातली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. तक्रार ‘सेवेतील उणीव’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ अशी मांडा. ‘अन्याय्य करार’ म्हटलंत की ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. सोबत खरेदीची ईमेल पावती, बटणावरचा ‘खरेदी’ शब्द दिसणारा स्क्रीनशॉट, दुकान बंद होत असल्याची सूचना आणि न वाजणाऱ्या गाण्यांची यादी किमतींसह जोडा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं आहे.

आपले,
संगणक-मोबाइल दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणाचं काम करणारे काही जण,
मालवण, जि. सिंधुदुर्ग